पाचवा बोळा

९ ऑक्टोबर

मामा,

पत्र बघून तुम्ही म्हणाल, ठमीला आज मामा कसा आठवला. काम असल्याशिवाय आठवत नाही हे मीच सांगून टाकते, तुमचं एक वाक्य वाचेल. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला एवढं ओरडता येत नाही.

ट्रक तापतोय. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखा चालतो. भरलेला असला आणि घाट लागला की तिसऱ्या वळणापर्यंत काटा लाल पट्टीत जातो. थांबवून इंजिन तसंच हळू चालू ठेवलं की पाच-दहा मिनिटांत खाली येतो. गेल्या आठवड्यात तर झाकणातून वाफ निघाली. मागे दारं आणि खिडक्यांच्या चौकटी भरलेल्या, सुतारकारखान्याचा माणूस शेजारी बसलेला, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला. त्याने घड्याळ चारदा बघितलं.

सावकाशकाका म्हणतात, पाणी रोज सकाळी भरलेलंच असतं. ते सव्वीस वर्षं ही गाडी चालवताहेत, अण्णांच्या वेळेपासून. प्रत्येक वळणावर स्वतःशीच ‘सावकाश, सावकाश’ म्हणतात म्हणून पडलेलं नाव, तुम्हाला ठाऊक आहेच. मार्चमध्ये तुम्ही हेड उतरवून गॅस्केट बदललंत तेव्हा दोन दिवस तेच तुम्हाला पान्हे देत उभे होते. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, पण गाडी तापतेय हेही खरं. अण्णा जाऊन, गाडी माझ्याकडे येऊन दोन वर्षं झाली, आणि अजून बॉनेट उघडलं की मी नुसती बघत राहते. काय तपासू ते नीट, पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं लिहा.

तुमची,
ठमी


१५ ऑक्टोबर

ठमाबाईंना मामाचे आशीर्वाद, आणि इतक्या उशिरा आठवण झाल्याबद्दल एक टपली.

तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सूनबाईंना म्हटलं, बघा, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल, पण लोक अजून गाडीचा ताप मलाच विचारतात. त्या हसल्या. त्यांनी माझे गुडघेच बघितले आहेत, काम बघितलेलं नाही.

आता ऐक. आधी काटा खरं बोलतोय का ते बघ. वाफ निघाली म्हणतेस, म्हणजे बोलतोय. मग सकाळी, इंजिन थंडगार असताना, रेडिएटरचं झाकण काढ. झाकणाचं रबर चिरलंय का बघ. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे दहादा लिहिलं असं समज. मग इंजिन चालू करून जाळीसमोर वहीचा कागद धर. पंखा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसेल. पट्टा अंगठ्याने दाबून बघ, बोटाच्या पेरापेक्षा जास्त दबता कामा नये. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, काढून घरच्या पातेल्यात उकळत ठेव. पाणी उकळायच्या आधी तो उघडला पाहिजे. हे सगळं तुला जमेल, तू माझी भाची आहेस.

राहिलं इंजिन. त्यात खोट नाही. ते मी बांधलंय. माझी पद्धत तुला माहीत नसेल तर सांगतो. हेड उतरवलं, पाइप सोडले, की जिथे जिथे तोंड उघडं पडेल तिथे कापडाचा बोळा घालायचा, म्हणजे कचरा आत जात नाही. एकाच चादरीचे पाच बोळे. घालताना मोजायचे आणि काढताना मोजायचे, मोठ्याने. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक वायसर इकडचा तिकडे झालेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत विचारशील तर दोष माणसात आहे. सावकाश म्हातारा झाला. पाणी बघितलं असं त्याला वाटत असेल, बघितलं नसेल. कमी पाण्यावर घाट चढवला असेल आणि मग घाबरून गार पाणी ओतलं असेल. जुने ड्रायव्हर हेच करतात आणि वर शपथ घेतात. त्याला खोदून विचार. मालकीण आहेस, भीड ठेवू नकोस.

मामा


२६ ऑक्टोबर

मामा,

सगळं केलं. झाकणाचं रबर ठीक. कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. पट्टा ठीक. थर्मोस्टॅट दुधाच्या पातेल्यात उकळला, तो वेळेवर उघडला आणि आई माझ्यावर दुपारभर उखडली. पातेलं आता गाडीचं झालं, घरात परत आणू नकोस म्हणाली.

आणि परवा घाटात गाडी पुन्हा तापली. या वेळी चौकटी पोचायला अर्धा दिवस उशीर झाला, कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले की दुसरी गाडी बघावी लागेल.

मी ट्रक स्टँडवर आले तेव्हा काका टायरवाल्याच्या बाकावर बसून चहा घेत होते. मी विचारलं, पाणी खरंच बघितलं होतं का. म्हणाले, बघितलं होतं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा मी पर्समधून तुमचं पत्र काढलं आणि ‘दोष माणसात आहे’ पासून ‘भीड ठेवू नकोस’ पर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चार ड्रायव्हर, टायरवाला, चहावाली, सगळे होते. मग म्हटलं, किल्ली द्या.

ते भांडले नाहीत. पत्र मिस्त्रींचंच, म्हणजे तुमचंच, आहे ना, एवढं एकदा विचारलं. मी हो म्हटलं. मग काच पुसायचं फडकं झटकून, घडी करून सीटवर ठेवलं, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालत निघाले. चहा अर्धाच राहिला होता.

मी बरोबर केलं ना? आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. पातेल्यासाठी नाही.

नवा ड्रायव्हर मिळालाय. तरुण आहे, हुशार वाटतो. सोमवारपासून येईल.

ठमी


४ नोव्हेंबर

ठमे,

माझं पत्र चारचौघांत वाचायची काही गरज नव्हती. पत्र तुला लिहिलं होतं. असो, झालं ते झालं.

गाडीचं म्हणशील तर नवा पट्टा घाल. थर्मोस्टॅटही नवा घाल, पातेल्यात उघडला म्हणून घाटात उघडेल असं नाही. ऑइल बदल. पण रेडिएटर कुणाला उघडू देऊ नकोस. जुनी जाळी आहे, सोडवायला गेलं की टाके सुटतील आणि मग ती कायमची जाईल. खालच्या पाइपालाही हात लावायचा नाही. डोळ्यांचं उरकलं की मी स्वतः येतो आणि बघतो. तोवर निम्मा माल भरून चालव.

सावकाश आता काय करतो, काही कळलं का?

मामा


२१ नोव्हेंबर

मामा,

या पत्राला उशीर झाला, कारण कसं लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. नवा पट्टा, नवा थर्मोस्टॅट, नवं ऑइल. निम्मा माल. गाडी तरीही तापली, उलट आता लहानशा चढावरही. नव्या ड्रायव्हरला मी झाकणाचं सांगितलं होतं, पण तो घाईचा. गरम असतानाच फडकं धरून त्याने झाकण फिरवलं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. आता बरा आहे, फोड सुकले, पण दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला. ही गाडी माणसं खाते म्हणाला.

मग मी तुमचं ऐकलं नाही. गाडी जाळीवाल्याकडे, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली.

म्हातारा आहे, तुमच्याच वयाचा, पण तुमच्याएवढा बोलत नाही. त्याने काही उघडलं नाही. जाळीवरून नुसता हात फिरवला. मग मला आत बसवून इंजिन जोरात रेस करायला लावलं आणि स्वतः खाली वाकून बघत राहिला. मला बोलावलं, त्याच्या बायकोला आत बसवलं, आणि दाखवलं. रेस वाढली की खालचा पाइप चपटा व्हायचा. रेस सोडली की पुन्हा गोल. तो म्हणाला, पंप पाणी मागतोय आणि जाळीची खालची टाकी देत नाहीये, टाकीच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसतंय.

गार झाल्यावर त्याने पाइप सोडला आणि तारेचा आकडा आत घालून ओढला. कापड निघालं. वीतभर, गंजाने लाल झालेलं. त्याने ते बादलीत खळबळवलं तर निळ्या रेघा दिसल्या, आणि एका कडेला साखळीटाक्याची किनार. ती किनार मामींच्या हातची आहे, मामा. त्या चादरीवर मी लहानपणी झोपलेय.

जाळीवाला हसला. म्हणाला, डॉक्टर पोटात कात्री विसरतात तसं हे, कोणत्या डॉक्टरचं काम? मी म्हटलं, माहीत नाही. तुमच्यासाठी खोटं बोलले.

आता मला एवढंच सांगा. जाळी उघडू देऊ नकोस, खालच्या पाइपाला हात लावू नकोस, असं तुम्ही का लिहिलंत?

ठमी


२९ नोव्हेंबर

ठमे,

तू विचारलंस म्हणून सांगतो. विचारलं नसतंस तर बहुतेक सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

तुझं दुसरं पत्र आलं, सावकाशला काढल्याचं, त्या दिवशी मला आत कुठेतरी खटकलं. घाटात तापते, थांबवली की निवते, पंखा ठीक, थर्मोस्टॅट ठीक. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी बसल्या जागी सांगितलं असतं की पाणी फिरायची वाट कुठेतरी तुंबतेय. मी हत्यारांची पेटी काढली. बोळे तळाशी होते, मार्चपासून तसेच. सूनबाईंना मोजायला सांगितले, कारण मला स्वतःच्या मोजण्यावर भरवसा वाटेना. त्या म्हणाल्या, चार. पुन्हा मोजा म्हटलं. त्या म्हणाल्या, चार चिंध्या आहेत बाबा, कितीदा मोजू.

म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. ते चार तारखेचं पत्र मी सगळं माहीत असताना लिहिलं. जाळीचे टाके सुटत नाहीत काही, अजून दहा वर्षं सुटणार नाहीत. मला वाटलं, डोळ्यांचं ऑपरेशन उरकावं, तुझ्याकडे यावं, एकटाच गाडीखाली शिरावं, बोळा काढून खिशात घालावा आणि सांगावं की पाइप बदलला. तोवर तू निम्म्या मालावर चालवशील, काय बिघडतंय. त्यात एक पोरगा भाजला. त्याला भाजलं ते मी.

आता याहून वाईट. ते सांगायला मला चार कागद फाडावे लागले.

मार्चमध्ये दुसऱ्या दिवशी सगळं जोडत आणलं होतं. स्टँडवरचे ड्रायव्हर भोवती जमले होते, मी त्यांना माझ्या जुन्या कामाच्या गोष्टी सांगत होतो, ते हसत होते. मोजण्याचं काय झालं, मोठ्याने मोजलं की नुसतं तोंड हललं, मला आठवत नाही. खालच्या तोंडातला बोळा आत ढकलला गेला असणार, मला तो दिसलाच नाही. मला तेव्हाही धड दिसत नव्हतं, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. इतके महिने तो टाकीच्या तळाशी पसरून पडला असेल आणि हळूहळू तोंडाकडे सरकला असेल.

मी खालचा पाइप चढवत होतो. सावकाश पान्हा घेऊन शेजारी उभा होता. त्याने हळूच विचारलं, ‘मिस्त्री, बोळे पाच होते ना? ताटात चारच दिसतात.’

मी त्याला म्हटलं, ‘तू स्टिअरिंग सांभाळ. मला मोजायला शिकवू नकोस.’ सगळे हसले. तोही हसला.

हे मला आठवतंय, ठमे. तुला पहिलं पत्र लिहिताना आठवलं नव्हतं. पेटीतले चार बोळे बघितल्यावर आठवलं, आणि त्यानंतरही मी गप्प बसलो. ज्या माणसाने माझी चूक माझ्या तोंडावर, वेळेवर, हळू आवाजात सांगितली, त्याच्यावरच मी ती ढकलली. आणि तू ती वाचून दाखवलीस तेव्हा त्याला नुसतं ‘मार्च’ म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही.

तुझी पत्रं आता मी घरात वाचून दाखवत नाही. सूनबाई विचारतात, ठमीची गाडी बरी झाली का. मी हो म्हणतो आणि बाहेर जाऊन बसतो. चाळीस वर्षांचं नाव जाईल म्हणून घाबरलो होतो. ते कुणाच्या जवळ उरलं होतं, हेही मला धड सांगता येत नाही.

सोबत त्याला पत्र आहे. ते त्याच्या हातात गुपचूप देऊ नकोस. जिथे पहिलं वाचलंस तिथेच, त्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्याने वाच. मी यायला हवं होतं. डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, आणि खरं म्हणजे माझीच हिंमत नाही.

मामा


(सोबतचं पत्र)

सावकाशराव,

गाडी तापत होती ती माझ्या चुकीने. मार्चमध्ये मी जाळीच्या टाकीत बोळा विसरलो. तुम्ही त्याच वेळी विचारलं होतं आणि मी तुमचा चारचौघांत अपमान केला. पुढे गाडी तापली तेव्हा मी न बघता तुमच्यावर आळ घेतला. खरं कळल्यावरही महिनाभर लपवून ठेवलं. तुमचं पाणी रोज भरलेलं होतं. सव्वीस वर्षांत तुमच्या हातून या गाडीचं काही बिघडलं नाही, जे बिघडलं ते माझ्या हातून. मला याची लाज वाटते. माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणतो.

मिस्त्री


१४ डिसेंबर

मामा,

वाचलं. पण ते झालं कसं ते सविस्तर लिहिते, कारण त्यात तुम्हाला माहीत नसलेलं एक आहे.

काका आता लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसतात. आडवा दांडा वरखाली करायचा आणि गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, कामावर आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी सांगितलं की मामांचं पत्र आहे, स्टँडवर वाचायचंय. त्यांनी समोरच्या गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि म्हणाले, रविवारी सुट्टी असते.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाकावर बसा म्हटलं तर बसले नाहीत. तेच चार ड्रायव्हर, टायरवाला, चहावाली. मी वाचलं. ‘सावकाशराव’ आणि ‘तुम्ही’ ऐकून एक ड्रायव्हर दुसऱ्याकडे बघायला लागला. मार्चमध्ये जे हसले होते त्यांतले दोघे तिथेच होते, त्यांनी माना खाली घातल्या. मी शेवटपर्यंत वाचलं.

काकांनी पत्र मागून घेतलं, एकदा स्वतः वाचलं आणि खिशात ठेवलं. म्हणाले, मामांना लिही, माझंही चुकलं. एकदा विचारून गप्प बसलो. मोठ्या माणसाला चारचौघांत दुसऱ्यांदा टोकायची लाज वाटली. तेव्हा पुन्हा विचारलं असतं तर तो पोरगा भाजला नसता.

मला वाटलं, संपलं. मी किल्ली बाहेर काढली. खरं सांगते, मनातून मी खूश होते. आपण किती चांगलं काम केलं, मामांची मान खाली घालायला लावून न्याय मिळवून दिला, असंच काहीसं वाटत होतं.

त्यांनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, ‘हे मिस्त्रींचं झालं. तुझं काय?’

मी म्हटलं, मामांनी लिहिलं म्हणून मी...

ते म्हणाले, ‘मिस्त्रींनी विचार म्हणून लिहिलं होतं. काढ म्हणून कुठे लिहिलं होतं?’

मामा, मी घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा बघितलं. कुठेच लिहिलेलं नाही.

मग मी तिथे कागदाशिवाय बोलले. अण्णा गेल्यापासून स्टँडवर सगळे या गाडीला ‘सावकाशची गाडी’ म्हणतात. कारखान्याचा माणूससुद्धा माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारायचा, उद्या किती वाजता. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, मालकिणीला विचारा, आणि तो हसायचा. मला ते हसणं सलत होतं. त्या दिवशी तुमचं पत्र पर्समध्ये ठेवून मी घरून निघाले तेव्हाच माझं ठरलं होतं. त्यांनी पाणी बघितलं होतं यावर माझा विश्वास होता. दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला माहीत होतं की हा माणूस खोटं बोलत नाही. मला फक्त सगळ्यांसमोर मालकीण व्हायचं होतं. तुमची पहिली चूक नजरेची होती. मी डोळे उघडे ठेवून केलं.

हे मी मोठ्याने बोलले. चहावाली स्टोव्ह बंद करून ऐकत होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, रडले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. ‘बरं’ म्हणाले. मग सगळ्यांना हात करून वखारीच्या रस्त्याने गेले. ते परत येणार नाहीत, मामा. मी विचारलं नाही, पण समजलं.

गाडी आता घाट चढते, काटा मधोमध राहतो. दोन ड्रायव्हर येऊन बघून गेले. मी दोघांनाही नाही म्हटलं. स्वतःच चालवायला शिकायचं ठरवलंय. स्टँडवर विचारलं, कुणाकडे शिकू. चौघांनीही एकाच माणसाचं नाव घेतलं. वखार इथून दहा मिनिटांवर आहे. मी आज दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले.

तुमची,
ठमी